पारव्याच्या मानेएवढीच चमक: घरी बनवलेल्या होलोग्राफिक पत्त्यांचं प्रकरण

हे प्रकरण पुण्यात कर्वेनगरच्या एका सोसायटीत २०२५च्या मे ते सप्टेंबर या काळात घडलं. ओळख पटू नये म्हणून नावं दिलेली नाहीत. मी त्याच इमारतीत राहतो आणि छपाईच्या डिझाइनचं काम करतो, म्हणून सल्ल्यासाठी मला बोलावलं गेलं आणि पुढे मी त्यात पुरता गुंतलो. घरच्या प्रिंटरवर होलोग्राफिक, म्हणजे तिरके केले की इंद्रधनुष्यासारखे चमकणारे, पत्ते करून बघणाऱ्या कुणालाही यातल्या निम्म्या चुका टाळता येतील, म्हणून सगळं सविस्तर लिहितो आहे.

पार्श्वभूमी

घरात पाच माणसं. आई शाळेच्या कार्यालयात, वडील फिरतीच्या नोकरीत, मुलगी अप्लाइड आर्टच्या दुसऱ्या वर्षाला, मुलगा सातवीत. आणि आजोबा. त्यांनी चाळीस वर्षं नारायण पेठेत बुक बाइंडिंग केलं. या गोष्टीत त्यांचं स्थान फार मोठं आहे, पण ते कळायला आम्हाला जुलै संपावा लागला.

मे महिन्याच्या सुट्टीत सोसायटीतली मुलं पार्किंगमध्ये पत्त्यांची अदलाबदल करायची. कुणाकडे क्रिकेटचे, कुणाकडे कुस्तीचे, बहुतेकांकडे पोकेमॉनचे. या मुलाने आपले सात पत्ते देऊन एक चमकणारा पत्ता घेतला. आठवड्याने दुसऱ्या एका मुलाकडचा तोच पत्ता शेजारी ठेवून पाहिला, तेव्हा लक्षात आलं की आपला नकली आहे. ओळखला कसा? खऱ्या पत्त्यात चमक चित्राच्या चौकटीपुरतीच होती. याच्या पत्त्यात नावावर, आकड्यांवर, अगदी कडेच्या पट्टीवरसुद्धा इंद्रधनुष्य पसरलेलं. पत्ता देणाऱ्या मुलालाही तो नकली असल्याचं माहीत नव्हतं. तरी भांडण झालं, ते मुलांवरून आयांपर्यंत गेलं आणि दोन घरांचं बोलणं थांबलं.

मुलाने दोन दिवस पत्त्यांचा डबा उघडला नाही. तिसऱ्या दिवशी म्हणाला, "आई, असे पत्ते घरी बनवता येतात. मी पाहिलंय. आपण बनवू या का?"

त्याच्या मनात त्याच पत्त्याची हुबेहूब प्रत करायची होती. इथे पहिला निर्णय झाला आणि तो आईने घेतला. ज्या गोष्टीने तुझा जीव पोळला, तीच तू दुसऱ्याच्या हातात ठेवणार का, एवढंच तिने विचारलं. कायद्याचाही मुद्दा होताच. आपल्याकडच्या १९५७च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे चित्रावरचा हक्क ते काढताक्षणी चित्रकाराकडे येतो, नोंदणी लागत नाही आणि चित्रकाराच्या मृत्यूनंतर साठ वर्षं तो टिकतो. पण मुलाला कायदा पटला नाही, आईचा प्रश्न पटला.

मग कशाचे पत्ते? मुलाला रविवारी सकाळी वडिलांबरोबर वेताळ टेकडीवर जायची सवय. तिथे दिसलेल्या पक्ष्यांची यादी त्याच्या वहीत होती. ताईने चित्रं काढायची आणि गणपतीत सोसायटीच्या चोवीस मुलांना पत्ते वाटायचे, असं ठरलं. किती पक्षी? ताईने बारा सांगितले. सावंतवाडीच्या दशावतारी गंजिफ्यात एकशेवीस गोल पत्ते असतात, दहा रंग आणि प्रत्येक रंगाचे बारा. ती नुकतीच कॉलेजच्या सहलीत ते पाहून आली होती. बारा पक्ष्यांचे प्रत्येकी चोवीस, म्हणजे २८८ पत्ते. गणेश चतुर्थी २७ ऑगस्टला होती.

अडचण

पहिली छपाई १३ जुलैला झाली. बाजारात होलोग्राफिक स्टिकर शीट मिळते: ए-फोर आकाराची, वरच्या बाजूला इंकजेटची शाई धरणारा थर, मागे गोंद. दहा शीट्सचा एक पुडा आणला. पत्त्याचा नेहमीचा आकार ६३ बाय ८८ मिलिमीटर, त्यामुळे एका शीटवर नऊ पत्ते बसतात. घरी शाईच्या टाकीचा साधा प्रिंटर होता. दहाही शीट्स एका रविवारात छापून झाल्या. एक शीट छापून, कापून, आठवडाभर ठेवून बघायला हवी होती. ते कुणालाच सुचलं नाही, मलाही नाही.

नव्वद पत्ते वाया गेले. कारणं तीन होती.

पहिलं कारण पांढऱ्या रंगाचं. घरच्या प्रिंटरमध्ये पांढरी शाई नसते. कागदावर छापताना चित्रातलं पांढरं म्हणजे कोरा कागद. चमकत्या शीटवर छापलं की तेच पांढरं चंदेरी आरसा होतं. खंड्याचा पांढराशुभ्र गळा आणि साळुंकीच्या पंखावरचा पट्टा कुठे गेला ते कळेना. चिमणीचे गाल झगझगत होते. पक्ष्याच्या नावाची अक्षरं एका कोनातून दिसायची, दुसऱ्यातून पुसली जायची. मुलाने एक पत्ता खिडकीपाशी नेला, तिरका केला आणि हळूच म्हणाला, "हा पण नकलीच दिसतोय." मे महिन्यात हातात आलेल्या त्या पत्त्याची नेमकी हीच खोड होती: चमक सगळीकडे.

दुसरं कारण पावसाळा. त्या प्रिंटरची रंगीत शाई डाय प्रकारची, म्हणजे पाण्यात विरघळलेल्या रंगाची. प्लॅस्टिकच्या शीटवर ती कागदासारखी शोषली जात नाही, वरच्या पातळ थरात बसून सावकाश सुकते. जुलैच्या पुण्यात दोरीवरचे कपडे दोन-दोन दिवस ओले राहतात, तिथे शाईचं काय! वरून कोरडी वाटली म्हणून चार तासांत त्यावर कोल्ड लॅमिनेशनची, म्हणजे गरम न करता दाबून चिकटणारी, पारदर्शक फिल्म चिकटवली. आतला ओलावा अडकला. दोन दिवसांत फिल्मखाली धुकं आलं, काळ्या रेषांना पिसं फुटली आणि कडा सुटल्या.

तिसरं कारण सगळ्यात चिवट निघालं. पत्ते वळले. ३०० जीएसएमच्या (चौरस मीटरला ३०० ग्रॅम वजनाच्या) कार्डवर चिकटवून, नीट कापून ठेवलेले पत्ते आठवड्याभरात चेहऱ्याच्या बाजूने वाटीसारखे झाले. जाड पुस्तकाखाली ठेवले की सरळ, काढले की तासाभरात परत वाटी.

या घटकेला मुलगा गप्प झाला होता आणि ताईची चिडचिड होत होती, कारण बारा चित्रं तिने महिनाभर खपून काढली होती.

समोर असलेले पर्याय

३ ऑगस्टच्या रविवारी आम्ही सगळे त्यांच्या जेवणाच्या टेबलापाशी बसलो. मी चार मार्ग मांडले.

सोपा मार्ग: चित्र साध्या कागदावर छापायचं आणि वरून पारदर्शक होलोग्राफिक फिल्म लावायची. पांढरं पांढरंच राहतं, अक्षरं वाचता येतात, अर्ध्या दिवसात काम होतं. उणीव एकच, चमक पुन्हा सगळीकडे. सकाळच्या उन्हात सगळ्या पत्त्यांवर धुक्यासारखी एकसारखी झिलई.

दुसरा, टोनरवर (लेझर प्रिंटरच्या पूड-शाईवर) फॉइल. लेझर प्रिंटरने काळ्या टोनरमध्ये फक्त चमकणारा भाग छापायचा, त्यावर फॉइल ठेवून गरम लॅमिनेटरमधून काढायचं. उष्णतेने टोनर वितळतो आणि फॉइल तेवढ्याच भागाला धरतं. कडा सुरेख येतात. पण फॉइल अपारदर्शक असतं, खालचा रंग दिसत नाही, म्हणजे मोराची मान चंदेरी होणार. शिवाय रंग एका प्रिंटरवर आणि टोनर दुसऱ्यावर, त्यामुळे रजिस्ट्रेशन, म्हणजे दोन छपायांची एकमेकींवरची जागा, जुळत नाही. दीड मिलिमीटर सरकलं तर मानेची चमक आभाळात जाते.

तिसरा, बाहेर काम देणं. अप्पा बळवंत चौकाच्या आसपास लग्नपत्रिकांवर फॉइलचं काम रोज चालतं, आणि पांढऱ्या शाईचं डिजिटल मशीन असेल तर चमकत्या कार्डावर हवं तिथे पांढरं छापून वर रंग देता येतात. कामाचा दर्जा घरच्यापेक्षा कितीतरी वरचा. पण मी चौकशी केली तिथे एका डिझाइनचे किमान पाचशे नग घ्यावे लागत होते. आमचे होते चोवीस.

चौथा मार्ग मला सर्वांत आवडला होता आणि सर्वांत कष्टाचा होता. याला आम्ही 'खिडकी' म्हणायला लागलो. तेच चित्र दोनदा छापायचं, एकदा चमकत्या शीटवर आणि एकदा साध्या चकचकीत स्टिकर कागदावर. कागदाच्या शीटमधून जिथे चमक हवी तेवढाच भाग कटरने कापून काढायचा आणि ती शीट चमकत्या शीटवर बरोबर जुळवून चिकटवायची. खिडकीतून खालची चमक रंगासकट दिसते, बाकी सगळीकडे कागद. पांढरं पांढरं, अक्षरं शाबूत. दोन्ही छपाया एकाच फाइलच्या, एकाच प्रिंटरवरच्या, म्हणून जुळणीही हाताबाहेर जात नाही.

अडचण अशी की २८८ पत्ते म्हणजे २८८ खिडक्या. हातात साडेतीन आठवडे, त्यातही शनिवार-रविवारच.

इथे आजोबा बोलले. तोपर्यंत ते वाटीसारखा वळलेला एक पत्ता बोटांत फिरवत बसले होते. "हे वळतंय ते का माहीत आहे का? एका अंगाला प्लॅस्टिक आणि दुसऱ्या अंगाला उघडा कागद. कागद दमट हवेत फुगतो, प्लॅस्टिक फुगत नाही. मग ते त्याला आपल्याकडे ओढणारच. पुस्तकाच्या पुठ्ठ्याला आम्ही बाहेरून कापड लावलं की आतून अस्तर लावतोच. नुसतं शोभेला नसतं ते. दोन्ही अंगांनी सारखी ओढ पाहिजे."

नव्वद पत्ते वाया जाताना आजोबा त्याच घरात, त्याच हॉलमध्ये होते. त्यांना कुणी विचारलं नव्हतं. या सगळ्या प्रकरणात मला याचंच सर्वांत वाईट वाटतं.

निर्णय

खिडक्या कमी कशा करायच्या? आई म्हणाली, सगळे पत्ते चमकायलाच हवेत का? दुकानातल्या पत्त्यांत तरी कुठे सगळे चमकतात. प्रश्न साधा होता, पण त्यातून पुढचा आला: मग कुठले?

मुलाने लगेच खंड्या, मोर आणि हळद्या सांगितले, त्याचे आवडते. ताईने वेगळा विचार मांडला. जे पक्षी खरोखर चमकतात, म्हणजे मान वळवली की ज्यांचा रंग बदलतो, तेवढेच चमकवायचे. आणि पक्ष्याच्या अंगावर जिथे चमक असते तिथेच खिडकी.

हा निर्णय या प्रकरणाचा कणा आहे, म्हणून त्यामागचं शास्त्र थोडं सांगतो. होलोग्राफिक शीट म्हणतात, पण तिच्यात होलोग्राम असा नसतो. डेनिस गॅबॉर यांनी १९४७ साली शोधलेली आणि १९७१चं नोबेल मिळवून देणारी होलोग्राफी म्हणजे वस्तूची त्रिमित प्रतिमा नोंदणं. आपल्या शीटमध्ये असतात प्लॅस्टिकवर दाबलेल्या अतिशय बारीक रेघा, एकमेकींपासून साधारण एका मायक्रॉनच्या (मिलिमीटरच्या हजाराव्या भागाच्या) अंतरावर, आणि त्यांच्यामागे ॲल्युमिनियमचा पातळ लेप. या रेघा पांढरा प्रकाश फोडतात. कोन बदलला की डोळ्यांत येणारा रंग बदलतो. मोराच्या पिसातही निळा रंग भरलेला नसतो. आत मेलॅनिन या गडद रंगद्रव्याच्या सूक्ष्म कांड्यांची जाळी असते, आणि निळा-हिरवा रंग त्या रचनेतून उमटतो. रचना वेगळी, पण दोन्हीकडे रंग तयार होतो तो प्रकाशाच्या लहरींमुळेच. पक्ष्यांच्या पिसांतल्या अशा रंगांवर सी. व्ही. रामन यांनी १९३४ साली लिहिलं होतं.

खंड्यावरून मात्र वाद झाला. त्याच्या पंखांचा निळाही रचनेतून येणारा आहे. मग तो का नको? ताईने वहीतल्या नोंदी आणि वडिलांनी काढलेले फोटो समोर ठेवले. खंड्या कुठूनही बघा, निळा तो निळाच. पिसातली त्याची रचना स्पंजासारखी विस्कळीत असते, म्हणून रंग कोनाबरोबर फारसा बदलत नाही. मुलाला हे मान्य करायला एक संध्याकाळ लागली. मग त्याने स्वतःच तिसरं नाव सुचवलं, जे आमच्या कुणाच्या डोक्यातही नव्हतं: पारवा. रोज ग्रिलवर बसून घाण करतो म्हणून ज्याला हाकलतात, त्याच्या मानेवर हिरवी-जांभळी झाक असते आणि तो मान हलवतो तेव्हा ती सरकते.

चमकणारे तीन ठरले: मोर, जांभळा शिंजीर, पारवा. साधे नऊ: खंड्या, चिमणी, कावळा, लालबुड्या बुलबुल, साळुंकी, घार, तांबट, हळद्या, वंचक. खिडक्या २८८ वरून ७२ वर आल्या.

वाटायचं कसं, हाही निर्णय होता. वडिलांचं म्हणणं, प्रत्येकाला बाराचा पूर्ण संच द्या, भांडणाला जागाच नको. मुलगा म्हणाला, मग अदलाबदल कशाची करायची? मला दोघांचंही पटत होतं. शेवटी मधला मार्ग निघाला. प्रत्येक पाकिटात बारा पत्ते, त्यांत चमकणारे तीन नक्की, पण कुठले ते नशिबावर. शिवाय पाकिटावर छापायचं की प्रत्येक पक्ष्याचे एकूण चोवीस पत्ते केले आहेत, आणि प्रत्येक पत्त्याच्या पाठीवर: "घरी बनवलेला पत्ता, गणेशोत्सव २०२५".

प्रत्यक्ष काम

नवा पुडा दहा शीट्सचा. लागणार होत्या आठ, चाचणीला उरल्या दोन. एका शीटवर तिन्ही पक्षी प्रत्येकी तीन, म्हणजे आठ शीट्समध्ये प्रत्येकाचे चोवीस.

पहिली चाचणी शिंजिराने खाल्ली. नर शिंजीर विणीच्या काळात जवळजवळ काळा दिसतो, उन्हात आला की जांभळा-निळा पेटतो. ताईने तो जसा दिसतो तसा गडद रंगवला होता. छापल्यावर खिडकीत चमकच नाही. गडद शाईने खालचा आरसा झाकून टाकला होता. मग फाइलमध्ये फक्त खिडकीच्या जागेतला रंग निम्म्याने फिका केला. पडद्यावर ते चित्र आजारी पक्ष्यासारखं दिसायचं, ताईचा हात धजेना. छापून टेबललॅम्पखाली धरलं आणि शिंजिराच्या छातीवर जांभळ्यातून निळं आणि निळ्यातून हिरवं सरकलं. मुलगा उठून उभा राहिला. चमकत्या शीटवर चित्र पडद्यावर बघून ठरवता येत नाही, हे मला त्या संध्याकाळी पक्कं कळलं.

दुसरी गोष्टही तेव्हाच लक्षात आली. हॉलच्या ट्यूबलाइटखाली तोच पत्ता मलूल वाटत होता. ट्यूबचा प्रकाश लांबरुंद पसरलेला, त्यात वेगवेगळ्या कोनांतले रंग एकमेकांत मिसळून पांढुरके होतात. लहान दिवा किंवा ऊन असेल तर रंग सुटे दिसतात. पत्ते वाटायचे होते मांडवात, दिव्यांच्या माळांखाली. तेव्हापासून प्रत्येक शीट आम्ही दिवाळीच्या माळेखाली तपासली.

सुकवण्यासाठी आईने लोखंडी कपाटाचा एक खण रिकामा केला, ओलावा शोषणाऱ्या सिलिका जेलच्या पिशव्या ठेवल्या आणि शीट्स एकमेकींना न चिकटता उभ्या राहतील अशा लावल्या. नियम केला, छापल्यापासून दोन पूर्ण दिवस हात लावायचा नाही. तो एकदाही मोडला नाही.

कटर मुलांच्या हातात द्यायचा नाही हेही ठरलेलं. खिडक्या आई आणि ताईने कापल्या, दर शीटला ब्लेडचं टोक मोडून नवं. पारव्याच्या मानेची पहिली खिडकी ताईने पिसापिसाच्या कडेने कापायचा प्रयत्न केला आणि वीस मिनिटं गेली. मग आकार सोपा केला, कडेची पिसं छपाईतच मिसळून घेतली. एका खिडकीला अडीच मिनिटं पुरायला लागली.

जुळवणीची युक्ती आजोबांची. काचेच्या तुकड्यावर दोन स्टीलच्या पट्ट्या काटकोनात चिकटवल्या. चमकती शीट आधी कार्डवर लावून त्या कोपऱ्यात बसवायची. वरच्या कागदाच्या पाठीचं आवरण फक्त दोन बोटं सोलायचं, तेवढीच कड जुळवून दाबायची, आणि मग डाव्या हाताने आवरण मागे ओढत उजव्या हाताने जुन्या पत्त्याच्या कडेने कागद बसवत जायचं. मुलगा हे शिकला. तिसऱ्या शीटपासून आजोबा नुसते बाजूला बसायचे आणि "घाई नको, कागदाला बसू दे" एवढंच म्हणायचे.

चिकटवल्यावर पुढून पारदर्शक फिल्म, मागूनही तीच फिल्म. आजोबांचं अस्तर. मग सगळे पत्ते दोन पुठ्ठ्यांमध्ये घालून त्यांच्या जुन्या शिकंज्यात रात्रभर दाबून ठेवले. माळ्यावरून तो शिकंजा खाली आला तेव्हा त्याच्या लाकडाला अजून खळीचा वास होता.

एक तपशील राहिला. चमकणाऱ्या पत्त्यात एक थर जास्त, म्हणून तो जाड. पाकीट न उघडता अंगठ्याने ओळखता आला असता. म्हणून चमकणाऱ्यांना २०० जीएसएमचं कार्ड आणि साध्यांना ३००चं घेतलं. दोन्ही दुकानातल्या पत्त्यापेक्षा जाडच झाले, पण एकमेकांसारखे.

२४ ऑगस्टला, गणपती बसायला तीन दिवस उरलेले असताना, प्रिंटरने शेवटची शीट तिरकी ओढली आणि रोलरचे ओरखडे उठले. नऊ पत्ते गेले. जादा शीट नव्हती. वडील पावसात रविवार पेठेत गेले. त्याच प्रकारची शीट मिळाली नाही. मिळाली ती बारीक चांदण्यांच्या नक्षीची. छापावीच लागली.

निकाल

३१ ऑगस्टला, रविवारी आरतीनंतर पाकिटं वाटली. पाऊस थांबला होता, मांडवात माळा लागल्या होत्या. पहिली दहा मिनिटं कुणी अदलाबदल केलीच नाही. चोवीस मुलं पत्ते तिरके-तिरके करून दिव्यांकडे बघत होती. मग कुणीतरी ओरडलं, "अरे, पारवा चमकतोय!" हसण्याची लाट उठली आणि ती ओसरल्यावर दोन-तीन मुलं खरंच वर वाशांवर बसलेल्या पारव्यांकडे बघायला लागली.

एका पहिलीतल्या मुलीला तीनही पारवेच आले. ती रडली. नशिबाचा नियम आम्ही केला होता, पण एकाच पाकिटात तिन्ही सारखे येणार नाहीत एवढं तरी बघायला हवं होतं. ज्या मुलाबरोबर मे महिन्यात भांडण झालं होतं, त्याच्याकडे दोन मोर होते. त्याने एक मोर देऊन तिचा एक पारवा घेतला. दोन्ही घरांतलं बोलणं त्यानंतर सुरू झालं. ते त्या मोरामुळेच असं म्हणणार नाही, गणपतीत माणसं तशीही एकमेकांकडे जातात.

चांदण्यांच्या नक्षीच्या नऊ पत्त्यांनी वेगळाच पेच टाकला. मुलांनी ते तासाभरात हेरले आणि एका चांदणीच्या बदल्यात चार-चार पत्ते मागायला लागली. आमच्या मुलाला ते खुपलं. चमक खरी असेल तिथेच असावी म्हणून एवढा खटाटोप, आणि सगळ्यात मोल आलं ते प्रिंटर अडकल्यामुळे झालेल्या पत्त्यांना. त्याने दुसऱ्या दिवशी सूचनाफलकावर चिठ्ठी लावली: "चांदणीचे नऊ पत्ते आहेत. फिल्म संपली म्हणून दुसरी वापरली. पक्षी तेच आहेत." भाव उतरला नाही, पण चिठ्ठी लावणं मला फार योग्य वाटलं. तेरा वर्षांच्या आतलं मूल आपला माल कसा झाला हे उघड सांगतं, हे मी मोठ्यांच्या बाजारात क्वचित पाहिलं आहे.

आता सहा महिन्यांनी पत्त्यांची स्थिती अशी: मागूनही फिल्म लावलेले पत्ते सरळ आहेत. शाई कुठे पसरलेली नाही. काही पत्त्यांच्या गोल कोपऱ्यांत फिल्म सुटते आहे.

खर्च सगळा धरून साडेतीन हजारांच्या आत राहिला. त्यात वाया गेलेला पहिला पुडाही आला.

पुन्हा केलं तर

कोपरे सुटण्याचं कारण आमच्या क्रमात आहे. आम्ही आधी फिल्म लावली, मग पत्ते कापले आणि मग पंचने तीन मिलिमीटरचे कोपरे गोल केले. पंच बोथट होत गेला तसा तो कोपरा कापण्याऐवजी चिरडत गेला. ॲल्युमिनियमच्या फॉइलचे चार-पाच तुकडे त्याच पंचमधून कापले की धार बरीच परत येते, हे आजोबांनी नंतर सांगितलं. दर तीस पत्त्यांनी ते करायला हवं होतं.

छपाई एका दिवसात उरकायची नाही. एक शीट, सगळ्या पायऱ्या, मग आठवडाभर उघड्यावर ठेवणं, आणि त्यानंतरच पुढची. पावसाळ्यात तर हे टाळूच नये. घाई नसेल तर हे काम मी नोव्हेंबरनंतर करीन, पण तेव्हा हवा कोरडी असते आणि कागद आकसतो. एकाच बाजूला फिल्म असेल तर पत्ते उलट्या दिशेने वळतील. मागची फिल्म तेव्हाही हवीच.

जादा शीट्सचा हिशेब चुकला. आठ लागत असतील तर बारा हाताशी हव्यात, आणि त्या एकाच वेळी, एकाच दुकानातून घ्याव्यात. पुढच्या खेपेला तीच नक्षी मिळेल याचा भरवसा नसतो.

पाकिटं भरताना तिन्ही चमकणारे पत्ते सारखे येऊ नयेत हे हाताने बघावं. दहा मिनिटांचं काम होतं.

आणि पक्ष्यांच्या निवडीत एक चूक आमच्या हातून झालीच. अनंत चतुर्दशीच्या आदल्या दिवशी तिसरीतला एक मुलगा साधा कावळ्याचा पत्ता घेऊन आला आणि विचारू लागला, हा का चमकत नाही? ताईने सांगितलं, कावळा काळा असतो. तो म्हणाला, "नाही. आमच्या गच्चीवर बसतो ना, ऊन असलं की त्याचे पंख निळे-जांभळे दिसतात." दुसऱ्या दिवशी सकाळी ताई आणि तिचा भाऊ गच्चीवर गेले. खरंच दिसतात.

त्या कावळ्यावर सध्या काम चालू आहे. पूर्ण काळी शाई चमक गिळून टाकते. साठ टक्के काळा घेतला तर पंख राखाडी दिसतो आणि ऐंशीला चमक मरते. काल रात्री सत्तर टक्के काळ्यात थोडा निळा मिसळून छापलेली शीट कपाटात सुकायला ठेवली आहे. परवा काढायची.